झडप बदलायचीच आहे, मग लयीचं काय? मायट्रल झडपेचा आजार आणि एट्रियल फिब्रिलेशन: निफाड तालुक्यातल्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ४९ वर्षांच्या, निफाड तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणत, इथेही तेच म्हणतो. शस्त्रक्रिया नाशिकमधल्या एका रुग्णालयात झाली. हृदयरोगतज्ज्ञ म्हणून मी त्यांना शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तपासत आलो आहे.

मावशी बारा-तेरा वर्षांच्या असताना ताप येऊन गुडघे आणि घोटे सुजले होते. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं, ते लग्नानंतर बंद पडलं. सासरी कुणाला त्याचं कारण माहीत नव्हतं. दुसऱ्या बाळंतपणात दम लागला, तो 'अशक्तपणा' म्हणून टॉनिकवर निभावला. रुमॅटिक तापाची हीच रीत आहे. सांधे बरे होतात आणि झडप वीस-तीस वर्षं आतल्या आत आकसत राहते.

आमच्याकडे येण्याच्या अडीच वर्षं आधी, ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्यांना छातीत धडधड होऊ लागली. त्या वेळच्या ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ (ठोके अनियमित करणारा लयीचा बिघाड), स्पष्ट दिसतं. सोबतच्या इकोत मायट्रल झडपेचं, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचं, क्षेत्रफळ १.४ चौरस सेंटीमीटर लिहिलं आहे. ते दीडच्या खाली गेलं की आजार गंभीर धरतात. त्यांना ठोक्यांचा वेग कमी करणारी गोळी, लघवीची गोळी आणि ऍस्पिरिन मिळालं. रक्त पातळ करणारी गोळी मिळाली नाही.

मग फेब्रुवारीत, ऐन तोडणीत, पॅकिंगच्या शेडमध्ये त्या द्राक्षाच्या घडातले खराब मणी कात्रीने काढत बसल्या होत्या. कात्री हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. शेजारची बाई काहीतरी विचारत होती आणि मावशींची जीभ वळत नव्हती. वीसेक मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. ऊन लागलं असेल म्हणून सरबत दिलं आणि काम पुढे चालू राहिलं. रात्री मुलगा घरी आल्यावर त्याला हे कळलं आणि सकाळी तो त्यांना थेट नाशिकला घेऊन आला.

समस्या

टूडी इकोत झडपेचं क्षेत्रफळ ०.९ वर आलेलं होतं. पाकळ्या जाड झालेल्या, कडांना कॅल्शियम, खालच्या दोऱ्या एकमेकींना चिकटलेल्या आणि सोबत मध्यम गळती. डावी कर्णिका, म्हणजे हृदयाचा डावा वरचा कप्पा, ५६ मिलिमीटर, बरीच फुगलेली. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला, त्यामुळे उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेलाही गळती. डाव्या जवनिकेची, म्हणजे खालच्या कप्प्याची, ताकद मात्र चांगली होती. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत अपेंडेजमध्ये, म्हणजे डाव्या कर्णिकेला असलेल्या बोटभर पिशवीत, गुठळी दिसली. मेंदूच्या एमआरआयमध्ये एक लहानसा जुना डाग होता. कात्री पडली तो पहिला झटका नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

झडपेचं काही तरी करावं लागणार यावर कुणाचंच दुमत नव्हतं. खरा प्रश्न त्याच्या शेजारचा होता. छाती उघडणारच आहोत, कर्णिकाही उघडणार आहोत, तर एएफवरची शस्त्रक्रिया त्याच वेळी करायची का? आणि केली, तर मावशींच्या पदरात नेमकं काय पडेल?

पर्याय कसे तोलले

फुग्याने झडप रुंद करण्याचा पर्याय लगेच बाद झाला. कर्णिकेत गुठळी असताना फुगा नेता येत नाही. शिवाय इतकी कडक, चिकटलेली आणि गळकी झडप फुग्याला दाद देत नाही, उलट फाटण्याची भीती असते. कॅल्शियममुळे दुरुस्तीही टिकाऊ झाली नसती. तेव्हा बदलणं ठरलं.

खरी चर्चा इथून सुरू झाली, आणि ती सुरू केली मुलाने. तो शिकलेला, मोबाइलवर बरंच वाचून आलेला. त्याचा हिशोब सरळ होता. यांत्रिक झडप बसवली तर रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर, आणि महिन्याच्या महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासायला जाणं. त्याऐवजी जैविक झडप बसवायची, सोबत एएफ घालवायची शस्त्रक्रिया करायची, म्हणजे आईची गोळी कायमची सुटेल. "सर, एकदाच काय तो खर्च होऊ द्या," तो म्हणाला.

हा विचार मोहात पाडणारा आहे आणि त्यात तथ्यही आहे. म्हणूनच त्याचा प्रत्येक दुवा वेगळा तपासावा लागला. पहिला दुवा झडपेचा. जैविक झडप पन्नाशीच्या आतल्या माणसात लवकर झिजते. दहा-पंधरा वर्षांत ती पुन्हा बदलावी लागण्याची शक्यता मोठी, आणि दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा जोखमीचं. दुसरा दुवा लयीचा. ऍब्लेशन, म्हणजे हीच एएफवरची शस्त्रक्रिया, केलं म्हणजे एएफ जन्मभरासाठी गेलं असं होत नाही. मावशींची कर्णिका ५६ मिलिमीटरची, एएफ किमान अडीच वर्षांचं. कर्णिका जितकी मोठी आणि एएफ जितकं जुनं, तितकी यशाची शक्यता घटते. तिसरा दुवा गोळीचा. एकदा मेंदूत गुठळी गेलेल्या, गुठळी बनवणारी कर्णिका असलेल्या रुग्णाची गोळी केवळ ईसीजी चांगला आला म्हणून बंद करायला मी तयार झालो नसतो.

आयएनआर तपासायची गरज नसलेल्या नव्या गोळ्यांबद्दलही त्याने विचारलं. यांत्रिक झडप असेल तर त्या चालत नाहीत. त्यांतल्या डॅबिगॅट्रानचा तसा प्रयोग २०१२ मध्ये गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावा लागला. रुमॅटिक झडपेतल्या एएफसाठीही जुनीच गोळी सरस ठरली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इनव्हिक्टस अभ्यासात साडेचार हजारांहून अधिक रुमॅटिक रुग्ण होते, आणि रिव्हारॉक्साबॅन ही नवी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जुन्या प्रकारची गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. ते रुग्ण आपल्याकडच्या रुग्णांसारखेच होते, म्हणून मी या अभ्यासाला फार मान देतो.

मुलगा गप्प झाला. मग दिरांनी विचारलं, "गोळी सुटणारच नसंल, तर ते दुसरं ऑपरेशन कशापायी करायचं?"

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता. त्याचं उत्तर आधी आम्हाला स्वतःला द्यावं लागलं.

ऍब्लेशन करावं की नाही

एएफमध्ये कर्णिकेत विजेचे संकेत सैरावैरा फिरत असतात. बरेचसे फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात. जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला पहिली मेझ शस्त्रक्रिया केली. तेव्हा कर्णिका ठरावीक रेषांवर कापून पुन्हा शिवत. त्या व्रणातून वीज जात नाही, त्यामुळे संकेतांना एकच वाट उरते. २००२ च्या सुमारास कात्रीच्या जागी रेडिओफ्रिक्वेन्सीचा चिमटा आणि अतिशीत प्रोब आले, वेळ आणि रक्तस्राव दोन्ही कमी झाले. शल्यविशारदांनी मावशींना हे कांद्याच्या वाफ्याच्या भाषेत सांगितलं. बांध नीट घातले तर पाणी हवं तिकडेच जातं, एक बांध कच्चा राहिला तरी पाणी फुटतं. मावशींनी त्यावर लगेच विचारलं, "मंग बांध किती दिस टिकतो?" त्या बैठकीत इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही.

पुराव्याकडे पाहिलं तर २०१५ चा एक चांगला अभ्यास हाताशी होता. मायट्रल शस्त्रक्रियेला आलेले, एएफ टिकून असलेले २६० रुग्ण. अर्ध्यांना ऍब्लेशन, अर्ध्यांना नाही. सहा आणि बारा महिन्यांच्या दोन्ही तपासण्यांत एएफ नसलेले ऍब्लेशनच्या गटात ६३.२ टक्के, दुसऱ्या गटात २९.४ टक्के. पण वर्षभरातल्या मृत्यूंमध्ये ठळक फरक नव्हता, आणि कायमचा पेसमेकर लागण्याचं प्रमाण ऍब्लेशनच्या गटात अडीचपटीहून जास्त होतं. अमेरिकेतल्या वक्षशल्यविशारदांच्या संघटनेने २०१७ मध्ये मायट्रल शस्त्रक्रियेसोबत ऍब्लेशन करण्याची शिफारस सर्वोच्च श्रेणीत ठेवली.

तरीही हे आकडे मावशींना जसेच्या तसे लावता येत नव्हते. त्या अभ्यासातले रुग्ण उत्तर अमेरिकेतले, बहुतेक साठीपुढचे. रुमॅटिक कर्णिकेची भिंतच व्रणांनी भरलेली असते. म्हणून आम्ही मावशींना शक्यता निम्म्याच्या आसपास सांगितली आणि पेसमेकरची जोखीम तितक्याच मोठ्या आवाजात सांगितली.

अपेंडेजचा मुद्दा वेगळा मांडला. लास-थ्री नावाच्या २०२१ च्या अभ्यासात हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी अपेंडेज बंद केलेल्यांत पक्षाघात आणि इतरत्र गुठळी जाण्याचं प्रमाण ४.८ टक्के, न केलेल्यांत ७.० टक्के होतं. आणि त्यातले बहुसंख्य रुग्ण नंतरही रक्त पातळ करणारी गोळी घेतच होते. म्हणजे गोळीच्या जोडीनेही फायदा दिसला. यांत्रिक झडपवाले रुग्ण त्या अभ्यासातून वगळलेले होते, हे विसरून चालत नाही. पण मावशींच्या अपेंडेजमध्ये गुठळी होतीच. ती काढायला हात तिथे जाणारच होता, तेव्हा अपेंडेज बंद न करण्याचं काही कारण राहत नव्हतं.

मग दिरांच्या प्रश्नाचं उत्तर असं दिलं. गोळी सुटावी म्हणून हे करायचं नाही. मावशींना दम आणि थकवा झडपेमुळे येतो तसा अनियमित, वेगवान ठोक्यांमुळेही येतो. लय सुधारली तर चालणं, जिना, शेतातलं काम सोपं होईल. कर्णिका आणखी फुगायची थांबली तर पुढच्या काळात हृदयाचं भलं होईल. एवढ्यासाठी वीस-तीस मिनिटं जास्तीची आणि पेसमेकरचा धोका पत्करायचा का, हे मावशींनी ठरवायचं.

पैशाचाही विषय होता. सरकारी योजनेतून झडपेच्या शस्त्रक्रियेला मंजुरी आली होती, ऍब्लेशनच्या प्रोबचा खर्च तिच्यात धरलेला नव्हता. द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडून नुकतेच आले होते, त्यातून मुलाने तो भागवला. ज्याच्याकडे बाग नाही, त्याच्यासाठी हा पर्याय बैठकीआधीच संपलेला असतो. याची खंत मला आहे.

मावशींनी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी होकार दिला. संमतीपत्रावर झडप, ऍब्लेशन, अपेंडेज आणि पेसमेकरची शक्यता या चार गोष्टी वेगवेगळ्या ओळींवर मराठीत लिहिल्या होत्या.

काय केलं

यांत्रिक झडप बसवली. श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली, १९९० पासून वापरात असलेली देशी झडप निवडली. ट्रायकस्पिड झडपेला रिंग घालून गळती थांबवली. अपेंडेजमधली गुठळी काढून त्याचं तोंड शिवून टाकलं.

ऍब्लेशन फक्त डाव्या बाजूला करायचं की दोन्ही कर्णिकांना, हा ठरवण्याचा मुद्दा होता. दोन्हीकडे केलं तर लय सांभाळली जाण्याची शक्यता थोडी जास्त आणि पेसमेकर लागण्याचीही जास्त. ट्रायकस्पिडसाठी उजवी कर्णिका उघडावी लागणारच होती आणि तीही फुगलेली होती. म्हणून दोन्हीकडे केलं.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. बायपास मशीनवरून उतरल्यावर एएफ नव्हतं, पण ठोके मिनिटाला चाळीसच्या घरात आणि तेही मधल्या केंद्रातून निघणारे. तात्पुरत्या तारांवर बाहेरचा पेसमेकर चालू ठेवला. सहाव्या दिवशीही तीच स्थिती. आयसीयूतली खाट अडलेली, घरचे थकलेले, आणि कायमचा पेसमेकर बसवून मोकळं व्हावं असा सूर टीममध्येही उमटला. शल्यविशारदांनी थांबायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं असं, की जळलेल्या-गोठलेल्या जागेची सूज उतरायला वेळ लागतो, आणि कित्येक वर्षं एएफखाली दबलेलं मूळ केंद्र जागं व्हायलाही लागतो. रक्तदाब ठीक होता, तारा नीट काम करत होत्या, तेव्हा थांबण्यात धोका कमी होता. नवव्या दिवशी मॉनिटरवर पी लाटा, म्हणजे मूळ केंद्र जागं झाल्याची खूण, दिसल्या, ठोके ६४. तारा काढल्या आणि दोन दिवसांनी मावशी घरी गेल्या.

चौथ्या आठवड्यात एएफ परतलं. मुलगा फोनवर रडवेला झाला होता. पहिले तीन महिने कर्णिकेची सूज आणि व्रण भरण्याचे असतात. त्या काळात एएफ आलं म्हणून शस्त्रक्रिया फसली असं धरत नाहीत. हे आधी सांगितलेलं असूनही घरच्यांना पचवणं जड गेलं.

लय आणण्यासाठी अमिओडॅरोन सुरू केलं, आणि इथे गडबड झाली. हे औषध रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा प्रभाव वाढवतं, तोही हळूहळू, आठवड्यांत. अमिओडॅरोन सुरू झालं त्या दिवशी ऍसिट्रॉमचा, म्हणजे मावशींच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा, डोस तोच राहिला आणि कार्डावर पुढच्या आयएनआरची तारीख महिन्यानंतरचीच. तिसऱ्या आठवड्यात सकाळी मशेरी लावताना हिरड्यांतून रक्त थांबेना. आयएनआर ६.१ आला. मावशींसाठी हवा होता २.५ ते ३.५. दोन डोस थांबवले आणि लगेच पुन्हा तपासलं. व्हिटॅमिन के दिलं नाही, कारण यांत्रिक झडपेवर उलट्या बाजूने गुठळीची भीती होती. रक्त थांबलं. डोस साधारण एक तृतीयांशाने कमी करून आठवड्याच्या आठवड्याला तपासणी सुरू केली. सलग तीन आठवडे आयएनआर हव्या त्या टप्प्यात राहिल्यावरच विजेचा सौम्य झटका देऊन लय पूर्ववत केली. पहिल्याच झटक्याला ती आली.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी अमिओडॅरोन बंद केलं, ऍसिट्रॉमचा डोस त्यानुसार पुन्हा वर न्यावा लागला. वर्षाच्या होल्टरमध्ये, म्हणजे सलग नोंदवलेल्या ईसीजीत, बहुतेक वेळ नियमित लय, मधे एएफचे काही छोटे झटके, सगळ्यात मोठा काही मिनिटांचा. अभ्यासांच्या व्याख्येत ३० सेकंदांपेक्षा जास्त एएफ दिसलं की ते अपयश. त्या कागदावर मावशींचं ऍब्लेशन नापास आहे. प्रत्यक्षात त्यांना हे झटके जाणवतही नाहीत. मळ्यातल्या घरापासून रस्त्यापर्यंतचा चढ त्या न थांबता चढतात, आणि रात्री दोन उशा घेऊन झोपणं बंद झालंय. डावी कर्णिका ४९ मिलिमीटरवर आली आहे. तिचं आकुंचन इकोवर दिसतं, पण क्षीण आहे. पक्षाघात पुन्हा झालेला नाही. यातलं किती झडपेमुळे, किती लयीमुळे आणि किती गोळीमुळे, हे एका रुग्णावरून वेगळं काढता येत नाही, आणि तसा दावा मी करणार नाही.

गोळी चालू आहे, चालूच राहील. महिन्याला तालुक्याच्या लॅबमध्ये आयएनआर, आकडा मुलगा मोबाइलवर पाठवतो. मेथी-पालक बंद केलेला नाही, दर आठवड्याला साधारण सारखंच खायचं एवढंच सांगितलंय. कंबरदुखीला मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही, यावर मात्र घरात सगळ्यांनाच सक्ती आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी अडीच वर्षं आधी हुकली. एएफ असलेल्या रुग्णांत गुठळीचा धोका मोजायला जी गुणपद्धत वापरतात, तिच्यात पन्नाशीच्या आतली, मधुमेह-रक्तदाब नसलेली बाई कमी धोक्याची ठरते. पण मायट्रल झडप मध्यम किंवा जास्त आकसलेली असेल तर ती पद्धत लागूच होत नाही. एएफ दिसलं की रक्त पातळ करणारी गोळी, गुण कितीही असोत. ऍस्पिरिन त्याची जागा घेऊ शकत नाही. त्याच वेळी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं तर गुठळी, मेंदूतला डाग आणि ५६ मिलिमीटरची कर्णिका यांतलं बरंच टळू शकलं असतं. लहान कर्णिकेत आणि ताज्या एएफमध्ये ऍब्लेशनचीही बाजू बळकट असते.

पेसमेकरसाठी किती दिवस थांबायचं, याची मर्यादा शस्त्रक्रियेआधीच ठरवून घरच्यांना सांगायला हवी होती. नवव्या दिवशी लय आली म्हणून थांबण्याचा निर्णय आज शहाणपणाचा वाटतो. आली नसती तर त्याच थांबण्याबद्दल घरचे रागावले असते, आणि सहाव्या ते नवव्या दिवसापर्यंत त्यांना कुणीच काही ठोस सांगत नव्हतं हे खरं आहे.

पहिल्या तीन महिन्यांत एएफ परतू शकतं, हे संमतीच्या बैठकीत एका वाक्यात सांगून भागत नाही. ते डिस्चार्जच्या दिवशी, घरी गोळ्या कोण देणार आहे त्या माणसाला, पुन्हा सांगावं लागतं. मावशींच्या घरी तो माणूस सून होती, आणि ती एकाही बैठकीत नव्हती.

अमिओडॅरोनबाबत आता आमच्या ओपीडीत पद्धत बदलली आहे. ते सुरू करताना ऍसिट्रॉमचा डोस त्याच दिवशी पाहायचा, पहिला आयएनआर आठवड्याच्या आत, मग दोन महिने दर आठवड्याला, आणि बंद करतानाही तोच क्रम उलट्या दिशेने. तारखा कार्डावर लाल शाईने लिहितो, आणि फोन नंबर घरात गोळ्या देणाऱ्याचा घेतो.